काकूंची रेषा

त्या सकाळी रेषा सपाट होती आणि मला बरं वाटलं. हे वाक्य आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट क्रमाने सांगता येईल. अंबाजोगाईला आमच्या कॉलेजातल्या एका छोट्या खोलीत एक संगणक दिवसभर चालू असतो. केजच्या पुढे, मांजरसुंब्याच्या दिशेने जाताना, मोठा रस्ता सोडून आत वळलं की एक कोरडवाहू रान लागतं. त्या रानात आमचा मोजणीचा मनोरा उभा आहे आणि त्याच्या पायथ्याशी मातीत सेन्सर पुरलेले आहेत. तिथल्या नोंदी मोबाइलवरून येतात आणि पडद्यावर रेषा होऊन सरकत राहतात. त्यातली एक रेषा मातीतल्या ओलीची. रोज सकाळी ती थोडी वर उचलली जायची, कारण रोज सकाळी भामाकाकू त्या जागी एक तांब्या पाणी ओतायच्या. रेषा उचलली नाही म्हणजे काकू रानात नाहीत, आणि रानात नाहीत म्हणजे केजला मुलाच्या घरी, पंख्याखाली आहेत. इतकं सरळ होतं ते. उन्हाळा लागल्यापासून मी हेच टुमणं त्यांच्यामागे लावलं होतं. मी वहीतल्या 'काकूंना केजला पाठवणे' या ओळीवर समाधानाने काट मारली, चहा सांगितला आणि बॅटऱ्यांच्या पत्रव्यवहाराला लागले. चहा यायच्या आत त्यांच्या मुलाचा, दत्ताचा, फोन आला. "मॅडम, माय वारली," तो म्हणाला. "रानातच. शेजारच्यांनी बघितलं सकाळी. तुमी आन् सर या..." माझ्यासमोर ती रेषा सरळ चालली होती. पट्टी धरून ओढावी तशी.

याला आता काही आठवडे झाले. भामाकाकू या पुरवणीच्या वाचकांना माहीत असायचं काही कारण नाही. केज तालुक्यातल्या एका लिंगायत शेतकरी घरातल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एक बाई. दत्ताचं केजला हार्डवेअरचं दुकान आहे, वर राहायला घर आहे. काकूंनी मात्र रानातली पत्र्याची खोली सोडली नाही. माझी त्यांची ओळख कामातून झाली. आमचे मुळे सर हवामानाचे अभ्यासक. सूर्याची उष्णता जमिनीवर पडते, तिचं पुढे जमीन काय करते, हे त्यांना मोजायचं होतं. मी शास्त्रातली नाही, मी या प्रकल्पाची व्यवस्था बघते. परवानग्या, जीप, तारा, उंदरांनी कुरतडलेल्या केबली हे माझं खातं. पण इतक्या वर्षांत मला समजलं ते असं. मातीत ओल असेल, पीक उभं असेल, तर बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि हवा त्या मानाने निवलेली राहते. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं, तसंच. मातीत ओलच नसली तर उष्णतेला दुसरं काम उरत नाही; ती हवा तापवत बसते. या रानातून वर जाणारा वारा आपल्याबरोबर किती वाफ नेतो आणि किती धग नेतो, हे मनोऱ्यावरची यंत्रं सतत टिपतात. त्यासाठी सपाट, मोकळं, आडोसा नसलेलं रान हवं होतं. दत्ताने आपलं दाखवलं.

मनोरा उभा केला त्या दिवशी काकू बाजेवर बसून सगळं बघत होत्या. मी त्यांना माठाचं उदाहरण देऊन समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग एवढं लोखंड कावून आणलं? माठच ठिवायचा की." सर हसले नाहीत, सर कामात असले की हसत नाहीत. संध्याकाळी आम्ही मनोऱ्याभोवती तारेचं कुंपण घातलं, शेळ्या आत जाऊ नयेत, माणसांनी माती तुडवू नये म्हणून, आणि वर पाटी लावली: आत पाय ठेवू नये. काकूंना वाचता येत नव्हतं. दत्ताने वाचून दाखवलं.

"कोणाचाच पाय पडायचा न्हाई?" काकूंनी विचारलं.

"कोणाचाच नाही," मी म्हटलं.

"ह्या सरांचा बी?"

"कामापुरता, कधीतरी."

काकूंनी मान हलवली आणि त्या दिवसापासून मनोऱ्याचं नाव पडलं जावई. "काम न्हाई, धंदा न्हाई. उभ्या उभ्या मान घेतोय. जावईच हाय ह्यो." पुढे आमची जीप रानात शिरली की त्या लांबूनच ओरडायच्या, "आलं गं बाई जावयाचं माहेर!" मला त्या 'यादीवाली' म्हणायच्या. मी उतरल्या उतरल्या वही काढते आणि एकेक काम तपासत जाते, याची त्यांना फार गंमत वाटायची. "भाकर खायचं लिवलंय का यादीत? न्हाई? मग लिव्ह आधी." मी खरंच लिहायची आणि जेवल्यावर त्यावर काट मारून त्यांना दाखवायची.

काही महिने गेले आणि एके दिवशी सर पडद्यासमोर खुर्ची ओढून बसले ते उठेनात. पाऊस नाही, विहीर आटलेली, रान उघडं, आणि तरी रोज सकाळी मातीतली ओल थोडी वाढत होती. सरांनी दवाचा विचार केला. मग तो सोडून त्यांनी ठरवलं की खोलवरची ओल रात्रीतून आपोआप वर चढत असणार. इतके खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "सुनंदाबाई," ते म्हणाले, "या जमिनीत अजून जीव आहे. वरून कोरडी दिसते, पण खालून स्वतःला पाणी पुरवतेय." त्यांनी त्यावर लेख लिहायला घेतला. मी नोंदी चाळत होते. मला वार बघायची सवय आहे. कुठलीही नोंद आली की आधी वार बघते. केजच्या बाजाराच्या दिवशी ही ओल नेहमीपेक्षा लवकर चढत होती. मी विचारलं, "सर, बाजार कधी असतो हे जमिनीला कसं कळतं?" सर त्या दिवशी माझ्याशी पुढे बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून मी रानात गेले. काकू आंघोळ करून पूर्वेला तोंड करून बसल्या होत्या. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलेलं, कपाळाला विभूतीचे पट्टे, पुढ्यात बेलाचं पान. पूजा होईपर्यंत मी बाजेवर बसून राहिले. पूजा झाली, त्यांनी ते पाणी तांब्यात घेतलं, तांब्या काठोकाठ भरला आणि सरळ कुंपणाकडे चालत गेल्या. खोलीकडच्या कोपऱ्यात, तारेतून हात घालून, त्यांनी तांब्या रिकामा केला. बरोबर आमच्या सेन्सरच्या डोक्यावर.

"ही काय भानगड, काकू?"

"भानगड कसली? पूजेचं पाणी हाय. कोणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नसतंय. सगळ्या रानात तेवढीच जागा हाय जिथं पाय पडत न्हाई. तुमीच पाटी लावली की." मग तांब्या पदराने पुसत म्हणाल्या, "आन् जावयाच्या पायावर पाणी घालायचीच रीत हाय."

मी तिथूनच सरांना फोन केला. काय बघितलं ते सांगितलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "किती पाणी?" एक तांब्या, मी म्हटलं. "रोज तेवढंच?" तांब्या तोच, काकू त्याच. सर म्हणाले, "त्यांना बंद करायला सांगा." मी सांगितलं. काकू "बरं" म्हणाल्या. पुढच्या सकाळी रेषा पुन्हा उचलली. मी फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "मोठ्या माणसानं सांगितलं की बरं म्हणायचं असतंय. म्हणलं की मी." शेवटी मी व्यवहार्य तोडगा काढला. समोरच्या कोपऱ्यात दुसरा सेन्सर पुरला. खऱ्या नोंदी तिथून घ्यायच्या. पहिला उकरून काढायचा कंटाळा म्हणून तसाच ठेवला. संगणकात दोघांना नावं द्यावी लागतात. दुसऱ्याला सरांनी 'कोरडी' नाव दिलं, पहिल्याला मी 'काकू'. तेव्हापासून पडद्यावर दोन रेषा. सकाळी एक उचलायची, एक नाही. दिवस चढत गेला की वरची हळूहळू खाली येऊन खालचीला मिळायची. सरांचा लेख अर्थातच राहिला. त्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही पुढे वर्षभर जीपचे हिशेब लिहिले. पण "या जमिनीत अजून जीव आहे" हे सरांचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. ते खरं नव्हतं, एवढंच त्या तांब्याने सिद्ध केलं होतं.

माणूस किती साध्या गोष्टीवर निर्धास्त होतो! पुढची काही वर्षं माझी कॉलेजातली सकाळ 'काकू'ची रेषा बघून सुरू व्हायची. उचलली, म्हणजे तिकडे बाई उठल्या, आंघोळ झाली, पूजा झाली, हातपाय धड आहेत. दत्ता मला गमतीने म्हणायचा, "मॅडम, मायला फोन कावून करायचा? तुमालाच करतो, तुमी टीव्हीवर बघता की तिला." आणि खरंच एकदोनदा पावसापाण्याच्या दिवसांत त्याने तसं विचारलंही. काकूंना हे कळलं तेव्हा त्या खूश झाल्या. मग त्यांना शंका आली. "मी काय बोलते ते ऐकू येतंय का तिकडं?" नाही, मी म्हटलं, फक्त पाणी कळतं. "मग बरंय. दत्त्याच्या बायकोबद्दल बोलाया मोकळी."

हे हसणं कधी कमी झालं ते नेमकं सांगता येणार नाही. पहिल्या वर्षी काकूंच्या तांब्याने वर गेलेली रेषा खाली यायला संध्याकाळ व्हायची. पुढे दुपार व्हायला लागली. आधी सरांच्या लक्षात आलं. तांब्या तोच, जागा तीच, पाणी तेवढंच. मग तेवढं पाणी माती किती वेळ धरून ठेवते याचं माप आपोआप घेतलं जात होतं. निरुपयोगी म्हणून जो सेन्सर आम्ही तसाच सोडून दिला होता, त्याच्यासमोर आता सर रोज बसायला लागले. बाकीच्या रेषाही एकाच बाजूला चालल्या होत्या. रानातून वर जाणाऱ्या वाफेची रेषा यंदा संक्रांत झाली तशी तळाला जाऊन जी बसली ती उठलीच नाही. धगेची रेषा चढत गेली. आणि एक गोष्ट मला शास्त्र न कळताही कळली. पूर्वी दिवेलागणीला ती धग ओसरायची. आता अंधार पडल्यावरही जमीन हवेत उष्णता सोडतच होती, विझवलेल्या चुलीच्या दगडासारखी.

मी सरांना विचारलं, "यंत्रात काही बिघाड आहे का? माणूस बोलवू?"

"यंत्र बरोबर आहे," सर म्हणाले. "तीच अडचण आहे." मग पडद्याकडेच बघत, "सुनंदाबाई, काकू झोपतात कुठे?"

काकू अंगणात बाजेवर झोपायच्या. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात कोणी झोपू शकत नाही. त्या दिवशी मी वहीत 'काकूंना केजला पाठवणे' ही ओळ लिहिली.

कुंपणाच्या आत दरवर्षी एक टिटवी अंडी घालायची. आत कोणाचा पाय पडत नाही हे तिलाही कळलं असावं. उघड्या मातीवर, खड्यांत खडे मिसळावेत अशी ती अंडी. काकू पाणी ओतून वळल्या की टिटवी त्या थारोळ्यात येऊन बसायची, पोट भिजवून घ्यायची आणि तशीच ओल्या पोटाने अंड्यांवर जाऊन बसायची. काकूंनीच मला हे दाखवलं होतं. यंदा चैत्रात मी गेले तेव्हा अंडी होती, टिटवी नव्हती. "चार दिस झाले," काकू म्हणाल्या. "पाणी वतलं की ती येऊस्तवर मातीत जिरतंय. भेगंत जातंय सगळं. बसायची, उठायची, परत बसायची... मग गेली." त्या कोपऱ्यात पूर्वी त्यांच्या पाण्यावर हरळीचा एक हिरवा तुकडा वाढला होता. तो करपला होता. भेगा इतक्या रुंद की माझी पेन्सिल एका भेगेत पडली आणि पडल्याचा आवाज आला नाही.

"टिटवी अंडी सोडून जात न्हाई कवा," काकू म्हणाल्या. या एका वाक्याला त्यांचा आवाज वेगळा होता.

मी संधी साधली. "ती गेली. तुम्हीही चला. महिनाभर फक्त."

"मी काय टिटवी हाय?"

"काकू, यंत्रात दिसतंय. रात्री रान निवत नाही. तुम्ही बाहेर झोपता, तुमच्याखालची जमीनच तुम्हाला शेकतेय."

"जावई सांगतोय व्हय असं? सासूला घराबाहेर काढाया टपलाय मेला." हसल्या. पण पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "बसवजयंती होऊ दे. जाते."

आणि त्या खरंच गेल्या. बसवजयंती झाली, दत्ता जीप घेऊन गेला आणि त्यांना केजला घेऊन आला. दुसऱ्या सकाळी पडद्यावर 'काकू' सपाट. दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून चालल्या होत्या. मी सरांना खूण केली, सरांनी नुसता श्वास सोडला. त्या आठवड्यात उन्हाने कहर केला. दुपारी केजच्या रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं, दुकानदार शटर अर्धं ओढून बसले होते. रोज सकाळी मी ती सपाट रेषा बघायची आणि सपाट असल्याबद्दल मनातल्या मनात हात जोडायची. मग एका सकाळी ती उचलली.

मी दत्ताला फोन लावला तेव्हा तो चिडलेला होता, स्वतःवर, आईवर, सगळ्यांवर. "पहाटं उठून जीपात बसून गेली, मॅडम. सांगितलं बी न्हाई. मी दुकान सोडून जाऊ का तिच्यामागं?" काकूंना फोन लावला. त्या मजेत होत्या.

"अगं, तिथं पूजेचं पाणी मोरीत जातंय. सगळ्यांचे पाय. दत्त्यानं कुंडी आणली पलाश्टिकची. त्यात माती कुठली? रस्त्याची. शिवाला रस्त्याच्या मातीत वतू व्हय?"

"काकू, देवाला चालेल. तुमच्या जिवाचं काय?"

"जिवाला काय झालंय? लई गरम हाय, ते दरसालच असतंय."

"दरसाल असं नसतं. मी मोजलेलं सांगतेय."

मग म्हणाल्या, "येत्या सोमवारची पूजा करते रानात. मग जाते. तुझ्या यादीत लिव्ह." मी म्हटलं, लिहिलंय. "आन् मी नसले की जावयाला पाणी कोण घालील, ते बी लिव्ह."

"मी घालेन."

"तू? तू आधी यादी करशील, मग सही घेशील, मग घालशील. तवर जावई जाईल उठून." हे आमचं शेवटचं बोलणं. या संभाषणाचा मी पुष्कळदा विचार केला. आम्ही त्या रानात कुंपण घातलं नसतं तर पाय न पडणारी जागाच तिथे नसती. पण तेव्हा त्यांनी दुसरी शोधली असती. त्यांना ओळखणारा कोणीही हेच सांगेल.

सोमवारी रेषा उचलली. इतकी थोडी, इतक्या थोड्या वेळापुरती, की चहाचा कप तोंडाला लावून खाली ठेवेपर्यंत ती खाली आलेली होती. मंगळवारी उचलली नाही. मला वाटलं, शब्द पाळला. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर यायचं होतं, पण खोलीच्या पत्र्याला आताच हात लावता येत नव्हता. काकू अंगणात बाजेवर, जशा झोपल्या होत्या तशाच. डॉक्टर येऊन गेले होते. उन्हाने गेल्या, असं म्हणाले. दत्ता बाजेच्या पायाशी उकिडवा बसला होता. उशाशी तांब्या होता, सकाळच्या पूजेसाठी रात्रीच भरून ठेवलेला, वर ताटली झाकलेली. ताटली उचलली तर पाणी चुलीवरून उतरवल्यासारखं होतं. मी तेवढ्यात वही काढली, कारण मला दुसरं काही येत नाही. जंगम स्वामींना निरोप, फुलं, बेल, बायकांना पाणी, सावलीला ताडपत्री. कामं होती तोवर बरं होतं.

लिंगायतांत दहन करत नाहीत. बांधाच्या कडेला काकूंच्या नवऱ्याची समाधी आहे, तिच्या शेजारी माणसं खणायला लागली. काळ्या रानात थोडं खणलं की मातीचा रंग बदलतो, गडद होतो, माती हाताला गार लागते. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही ते माहीत असतं. खणणारे गुडघाभर खाली गेले. कंबरभर गेले. माती वरच्यासारखीच फिकी. भेगा खड्ड्याच्या भिंतींतून तशाच खाली उतरत होत्या. शेजारच्या रानाचे नागनाथअप्पा, वयाने काकूंएवढेच, काठावर बसून बघत होते. खणणारा छातीइतका आत गेल्यावर त्यांनी खालची मूठभर माती वर मागून घेतली, चुरली, आणि ती बोटांतून धुरळ्यासारखी सांडली. "सर," ते आमच्या सरांना म्हणाले, "एवढ्या खाली बी ओल न्हाई हो."

सर खड्ड्याच्या काठाशी वाकले. त्यांनी भिंतीला तळवा लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. या जमिनीच्या ओलीचे आकडे त्यांच्याइतके कोणाला पाठ नाहीत. पण आकडे हाताला लागत नाहीत. हात काढून घेतला तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोमट आहे."

काकूंना बसवून खाली उतरवलं. तळहातावर इष्टलिंग, कपाळाला विभूती, बेलाची पानं. रात्रीच्या त्या तांब्यातलं पाणी स्वामींनी पूजेला वापरलं, शेवटच्या थेंबापर्यंत. मग माती लोटली. इतकी कोरडी माती पडताना आवाज वेगळा येतो. कोणीतरी पोती झटकावीत तसा. धुरळा उठला आणि वारा नव्हता म्हणून बराच वेळ तिथेच लटकत राहिला, माणसांच्या डोक्याइतक्या उंचीवर. पलीकडे मनोऱ्यावरची यंत्रं आपलं काम करत होती. त्या दिवशीच्या नोंदी मी नंतर बघितल्या. एवढी माणसं, एवढं खणणं, एवढं रडणं... रेषांमध्ये कुठेही काही दिसत नाही.

सरांनी परवा विषय काढला. दुसऱ्या एका गावात नवीन जागा सुरू करायची आहे, तिथे सेन्सर कमी पडतो. पहिला सेन्सर आता नुसताच पडून आहे. 'काकू' आणि 'कोरडी' या दोन रेषा एकीवर एक अशा बसल्या आहेत की दोन आहेत हे सांगूनसुद्धा कोणाला दिसणार नाही. बोलणं बरोबर होतं. मी वहीत लिहिलं आणि खुरपं घेऊन गेले. दत्ता आला होता. खोलीला कुलूप, बाज भिंतीला उभी केलेली. तांब्या त्याने कुंपणाच्या खांबाला, खोलीकडच्या कोपऱ्यात, तारेने अडकवून ठेवला होता.

"घरी न्यायला मन होईना," तो म्हणाला. "मोरीत नगं म्हणली होती ती." मग खाली बघत, "मॅडम, पोरांच्या शाळेला सुट्टी हाय. घरची म्हणती, आठ दिस रानात येऊन राहू, मायची खोली उघडी ठिवू. आणू का?"

मी कोपऱ्यात बसले होते. खुरपं मातीत घातलं होतं, ते दोन बोटांपलीकडे जात नव्हतं. करपलेल्या हरळीची पांढरी मुळं वर आली होती. मी खुरपं काढून घेतलं. "आता नको," मी म्हटलं. "पोरांना आणू नकोस. तू सकाळी येऊन जा, ऊन चढायच्या आत. आणि एक तांब्या ओत. रोज तेवढाच. किती वेळ टिकतं ते आम्ही तिकडे बघतो. ते नीट टिकायला लागेल तेव्हा मी सांगेन, मग आण पोरांना." त्याने खांबावरचा तांब्या काढला, केजहून आणलेल्या पाण्याच्या ड्रमात बुडवला, काठोकाठ भरला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आज नाही, सकाळी.

दुसऱ्या दिवशी मी लवकर कॉलेजात आले. सर आधीच येऊन बसले होते. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. चहा आला. पडद्यावर दोन्ही रेषा एक होऊन चालल्या होत्या, आणि मग त्यांतली एक सुटली आणि वर गेली. सरांचा कप हवेत तसाच राहिला. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ उतरवून टेबलावर, दोघांना दिसेल असं ठेवलं.

आम्ही दोघे बघत राहिलो. कपातला चहा अजून गरम होता, तेवढ्यात ती खाली येऊन दुसरीवर बसली.